मागची भिंत फोडून १२ फुटी काचेचं सरकतं दार, तेही पश्चिमेला. कोणी बसवलंय का?

औसा_रोडवाला (लातूर)

नमस्कार मंडळी. लातूरला आमचं घर आहे, वडलांनी ९७ साली बांधलेलं, ९ इंची विटेच्या भिंती आणि वर स्लॅब. किल्लारीचा भूकंप होऊन चारच वर्षं झाली होती म्हणून त्यांनी लिंटेलचा, म्हणजे दार-खिडक्यांच्या वरच्या काँक्रीटच्या पट्टीचा, बेल्ट सगळ्या घराला फिरवून घेतला, ही गोष्ट आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. आता रिनोव्हेशन काढलंय. हॉलच्या मागं परस आहे, कोपऱ्यात मोठा लिंब आहे, आणि तिकडं जायला फक्त एक अडीच फुटी पत्र्याचं दार. बायकोनं पुण्यात बहिणीच्या फ्लॅटला काचेचं मोठं सरकतं दार बघितलं तेव्हापासून तेच डोक्यात बसलंय, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. सगळी मागची भिंत काढून १२ फूट रुंद आणि ८ फूट उंच करायचा विचार करायलोय.

अडचण अशी की ती बाजू पश्चिमेची आहे. वडील म्हणायलेत, उन्हाळ्यात घरात भट्टी लावायची असली तर खुशाल बसवा. दुकानदार म्हणायलाय डबल काच घ्या, ऊन आतच येत नाही. लिंब नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात आहे, त्याची सावली मिळेल असं मला वाटतंय. चौकट यूपीव्हीसीची (कडक प्लास्टिकची) घ्यावी का अल्युमिनियमची, सरकतं का घडीचं, सगळा गोंधळ आहे. कोणाला अनुभव असेल तर सांगा.

परभणीची_माई

आमच्याकडं चार वर्षांपासून आहे, ९ फुटी, दोन ट्रॅकचं, साधी काच, आणि तेही पश्चिमेलाच. वडलांचं ऐका भाऊ. एप्रिल-मे मध्ये दुपारी तीन वाजल्यापासून हॉलमध्ये कोणी बसत नाही, सोफ्याचं कापड एका बाजूनं पांढरं पडलंय, आणि आतून जाड पडदे लावले तर काच आणि पडद्याच्या मधी एवढं तापतं की हात लावला तर चटका बसावा. शेवटी बाहेरून वाळ्याचे पडदे सोडले तेव्हा कुठं फरक पडला. पण मग बाहेरचं दिसायचं बंद झालं, म्हणजे ज्यासाठी काच लावली तेच गेलं 😀

आणि धूळ. त्या ट्रॅकची खाच मी दर रविवारी जुन्या टूथब्रशनं साफ करते. खळी चालू असताना तर विचारू नका, दाराच्या कडेला फट बुजवायला ब्रशची पट्टी असते, तिच्यातूनही बारीक भुसा आत येतो. एकदा तुरीचा दाणा चाकाखाली अडकला होता, नवऱ्यानं जोर लावून ओढलं तर चाकच बसलं.

दोन ट्रॅकमध्ये अर्धंच दार उघडतं हे पण आधी कोणी सांगितलं नव्हतं. आणि डासांच्या जाळीसाठी वेगळा ट्रॅक लागतो तो आम्ही घेतला नाही, आता संध्याकाळी सहाला सगळं बंद.

सिव्हिल_जालना

काचेचं नंतर बोलू, आधी भिंत.

तुम्ही लिहिलंय ९ इंची भिंत आणि स्लॅब, म्हणजे कॉलम नसणार, घराचं वजन भिंतींवरच आहे. मग हॉलच्या स्लॅबची मेन सळई कोणत्या दिशेला टेकलीय ते आधी बघायला लागेल. ती पश्चिमेच्या भिंतीवर टेकली असेल तर तुम्ही जी भिंत काढायलात ती स्लॅबचा पाय आहे. इंजिनिअरनं बीम डिझाइन करून द्यायचा, खाली टेकू देऊन मग भिंत काढायची, आणि बीमच्या दोन्ही टोकाला भक्कम भिंत किंवा कॉलम शिल्लक पाहिजे. "तोडू की साहेब, काय होतंय" असं म्हणणारा मिस्त्री गावात एक असतोच, त्याच्या नादी लागू नका.

दुसरं, तुम्ही ८ फूट उंची म्हणता. लिंटेल साधारण ७ फुटावर असतो. वडलांनी घातलेला बेल्ट घराला पट्ट्यासारखा बांधून ठेवतो, भूकंपात भिंती वेगवेगळ्या दिशेला पडू नयेत म्हणून. ८ फूट करायचं म्हणजे नेमका तोच पट्टा कापायचा. आणि ७ फूटच ठेवलं तरी तो बेल्ट १२ फुटाचं ओझं पेलायला घातलेला नाही, खाली भिंत आहे असं धरून घातलाय. लातुरात राहून ३० सप्टेंबर ९३ ची पहाट मी तुम्हाला सांगायला नको.

आता ऊन. लिंबाच्या भरवशावर राहू नका. आपल्याकडं मे महिन्यात सूर्य दुपारी जवळपास डोक्यावरून जातो आणि मावळतो पश्चिमेच्या थोडं उत्तरेला. म्हणजे नैर्ऋत्येच्या झाडाची सावली हिवाळ्यात दारावर पडेल, जेव्हा ती नकोच असते. मे मधलं चार-पाच वाजताचं ऊन तिरपं खालून येतं, त्याला दोन फुटी छज्जा काही करत नाही. हेच दार दक्षिणेला असतं तर छोट्या छज्ज्यात भागलं असतं. तुमच्या हॉलला दक्षिणेची भिंत आहे का?

डबल काचेचं दुकानदारानं अर्धंच सांगितलं. साध्या काचेतून उन्हाची उष्णता ८० टक्क्यांच्या आसपास आत येते. दोन साध्या काचा लावल्या तर ती ७० च्या घरात येते, बास. मधल्या हवेच्या थरानं बाहेरच्या गरम हवेची झळ कमी होते, एसी लावला असेल तर फायदा आहे, पण थेट ऊन अडवायचं काम कोटिंगचं आहे. सोलर कंट्रोल कोटिंगची काच मागा, बाहेरच्या काचेच्या आतल्या अंगाला कोटिंग असलेली, आणि एसएचजीसी (उन्हाची किती उष्णता आत येते तो आकडा, ०.३० म्हणजे ३० टक्के) किती ते कंपनीच्या कागदावर दाखवा म्हणा. ०.३० च्या आसपास असेल तर पश्चिमेला घ्यायला अर्थ आहे. कागद नाही म्हणला तर दुकान बदला.

नांदेड_फॅब्रिकेशन

माझा हाच धंदा आहे म्हणून थोडं. काचेचं वजन चौरस मीटरला दर मिलिमीटर अडीच किलो धरायचं. ६ अधिक ६ मिलिमीटरची डबल काच म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. १२ बाय ७ मध्ये दोनच पल्ले केले तर एका पल्ल्याची नुसती काच ११७ किलो होते. गिऱ्हाईक काचेसाठी भांडतंय आणि चाकाचं कोणीच विचारत नाही. चाकं किती किलोची आहेत ते बिलावर लिहून घ्या.

यूपीव्हीसी वाईट नाही, पण आत स्टील आहे का ते कापलेला तुकडा हातात घेऊन बघा. उन्हात ते अल्युमिनियमच्या तिपटीनं फुगतं, गडद रंगाचं तर पश्चिमेला नकोच. एवढ्या मोठ्या दाराला मी अल्युमिनियमच सांगतो, हलक्या सेक्शनचं (पातळ पट्ट्यांचं) नाही. घडीचं दार फोटोत भारी दिसतं, पण जेवढे सांधे तेवढ्या फटी, आपल्या धुळीत मी लावत नाही.

काच टफनच (तापवून कडक केलेली) पाहिजे, कोपऱ्यात छाप असतो तो बघा. टफन झाल्यावर काच कापता येत नाही, म्हणून माप प्लास्टर आणि फरशी झाल्यावरच द्या. मागच्या वर्षी एका गिऱ्हाइकानं विटेवरून माप दिलं, पाऊण इंच जास्त निघालं, तीन पल्ले माझ्या गोडाऊनला पडून आहेत.

बीड_बायपास

टफन काच आपोआप फुटते हे पण सांगा की त्यांना. आमच्याकडं रात्री दोन वाजता फुटली, कोणी हात लावला नव्हता. सुतळी बॉम्ब फुटल्यासारखा आवाज, सगळे खडबडून उठलो, आई तर म्हणाली चोर आले. बघतो तर अंगणभर साबुदाण्याएवढे तुकडे आणि चौकटीत काहीच नाही. सकाळपर्यंत मी तिथं खुर्ची टाकून बसलो होतो राखण करत.

नांदेड_फॅब्रिकेशन

होतं असं, काचेत निकेल सल्फाइडचा बारीक कण राहिला असेल तर. हीट सोक टेस्ट केलेली मागा, म्हणजे कारखान्यातच तापवून ठेवतात आणि फुटणारी काच तिथंच फुटते, धोका बराच कमी होतो. आतली काच लॅमिनेटेड (दोन काचांच्या मधी प्लास्टिकचा पडदा चिकटवलेली) घेतली तर फुटली तरी मधल्या पडद्याला चिकटून जागेवर राहते. चोराला पण वेळ लागतो.

माकडांचा_शेजारी

गच्चीवर माकडं येत असतील तर बसवल्यावर फोटो टाका 😂

औसा_रोडवाला

सगळ्यांचे आभार. माई, तुमचं बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली ट्रॅक तुम्ही साफ करणार असाल तरच.

काल इंजिनिअरला घरी आणलं. स्लॅब पश्चिमेच्या भिंतीवरच टेकलाय. त्यांनी सांगितलं १२ विसरा, ८ फूट रुंद आणि ७ फूट उंच, बेल्टला हात नाही, खालून नवीन बीम, दोन्ही बाजूला भिंत शिल्लक. वडील हे ऐकून एवढे खूश झाले की इंजिनिअरला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दक्षिणेला साडेचार फुटाचा बोळ आणि समोर शेजाऱ्याची भिंत, तिकडं दार करून बघायचं काय? म्हणून पश्चिमच, पण दारापुढं १० फुटी ओसरी काढायची आणि तिच्या कडेला वाळ्याच्या पडद्यासाठी पाइप टाकून ठेवायचा. आता एकच राहिलं. पावसाचं पाणी ट्रॅकमधून आत येतं का? बायकोला आतबाहेर फरशी एका लेव्हलला पाहिजे.

सिव्हिल_जालना

एका लेव्हलला करू नका. वळवाचा पाऊस पश्चिमेच्या वाऱ्यानं आडवा आला की १० फुटी ओसरी पण भिजते. बाहेरची फरशी आतल्यापेक्षा दीड-दोन इंच खाली, आणि उतार परसाकडं. ट्रॅकला बाहेरच्या अंगाला पाणी जायची भोकं असतात ती सिलिकॉन मारताना कारागीर हमखास बुजवतो, तेव्हा तिथं उभं राहा. बसवून झाल्यावर तांब्याभर पाणी ट्रॅकमध्ये ओता, बाहेर पडलं तरच शेवटचा हप्ता द्या.