भुसा-पाचट गोळा करून बॉयलरला पुरवायचंय, सबसिडी नक्की कशावर मिळते?

गोकुळशिरगाववाला
नमस्कार मंडळी. भावकीत सॉ मिल आहे, भुसा आणि फळ्यांचे तुकडे पडून असतात, फौंड्र्यांकडचे पॅकिंगचे खोके पण मिळतील, आणि ऊस तुटला की पाचट पेटवलेलं बघून जीव जळतोय बघा. हे सगळं गोळा करून इचलकरंजीच्या कापड प्रोसेसवाल्यांना बॉयलरसाठी व्हाईट कोल (भुसा दाबून केलेल्या जळणाच्या कांड्या) करून द्यायचं डोक्यात आहे. एक एजंट म्हणतोय नुसता कच्चा माल पुरवला तरी केंद्र सरकार टनामागं पैसे देतंय, फाईलचे पैसे आधी भरा. खरं काय?

व्हाईटकोल_हातकणंगले
दादा, एक रुपया देऊ नका त्याला. केंद्राच्या राष्ट्रीय बायोएनर्जी कार्यक्रमात पैसे मिळतात ते ब्रिकेटच्या, म्हणजे व्हाईट कोलच्याच, प्लांटवर, ताशी १ टन क्षमतेला ९ लाख, जास्तीत जास्त ४५ लाख. म्हणजे ताशी दीड टनाचं मशीन घेतलं तर साडेतेरा लाख, पण ते प्लांट चालू होऊन तपासणी झाल्यावर, तोवर सगळा खर्च आपल्या खिशातनं नाहीतर बँकेतनं. हा कार्यक्रम २०२५-२६ पर्यंतच मंजूर होता, पुढं चालू आहे का ते आधी बघा. बेलर-रेकवर (शेतातला काडीकचरा गोळा करून गठ्ठे बांधायची यंत्रं) ५० टक्के देणारी पेट्रोलियम मंत्रालयाची योजना आहे ती सीबीजी, म्हणजे काडीकचऱ्यापासून बायोगॅस करणाऱ्या, प्लांटवाल्यांसाठी, आपल्यासारख्या पुरवठादाराला नाही.

आणि खोक्यातले खिळे! श्रेडरच्या (लाकूड बारीक करायच्या मशीनच्या) आधी मॅग्नेट लावाच. प्लाय, एमडीएफ, सनमायकाचे तुकडे वेगळे काढा, डिंक-केमिकल असतंय त्यात, ते जाळणं बरं नव्हं.

लोनफाईल_कोल्हापूर
लहान सुरुवात असेल तर पीएमईजीपी (नवीन धंद्याच्या कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची रोजगार योजना) बघा, चालू आहे का ते आधी विचारा. उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रोजेक्ट चालतो, ग्रामीण भागात जनरलला २५ टक्के आणि महिला, ओबीसी, एससी-एसटी यांना ३५ टक्के, त्यामुळं वहिनींच्या नावावर काढलं तर फरक पडतो, पण मग धंदा खरोखर त्यांनीच बघायला पाहिजे, बँकेत प्रश्न त्यांनाच विचारतात. सबसिडी ३ वर्षं टीडीआरमध्ये (बँकेतल्या मुदत ठेवीत) अडकून राहते, हातात येत नाही. जागेची किंमत प्रोजेक्टमध्ये धरत नाहीत. आणि दुसऱ्या सरकारी योजनेतनं सबसिडी घेतलेल्या युनिटला ही मिळत नाही, म्हणून दोन्हीकडचा आकडा एकत्र धरून हिशोब मांडू नका.

शिरोळचा_ऊसवाला
सबसिडीचं तुमचं तुम्ही बघा, पण पाचटाबद्दल मी बोलणारच. पेटवणं वाईट हे शंभर टक्के खरं. पण म्हणून उचलून न्यायचं? हेक्टरी ८-१० टन पाचट निघतंय, ते खोडव्यात सरीत ठेवून टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू टाकले की कुजतंय. आमच्याकडं क्षारपड जमिनी किती वाढल्यात बघताय न्हवं, सेंद्रिय कर्ब घालवून चालणार नाही बाबांनो. जो पेटवणारच आहे त्याचंच घ्या.

व्हाईटकोल_हातकणंगले
काकांचं बरोबर आहे. शिवाय पाचटात राख जास्त, बॉयलरमध्ये क्लिंकर (राख वितळून झालेले घट्ट गोळे) धरतंय, प्रोसेसवाले कुरकुर करतात. भुसा आणि शेंगांची टरफलं उत्तम.

गोकुळशिरगाववाला
लई आभार सगळ्यांचे. मग पाचट बाजूलाच ठेवतो, भुशावरच सुरू करतो. ओल्या भुशाचं पावसाळ्यात काय करता?

व्हाईटकोल_हातकणंगले
ओलावा १०-१२ टक्क्यांवर आल्याशिवाय ब्रिकेट नीट बसत नाही, आणि ताज्या लाकडाच्या भुशात तो ४०-५० टक्के असतोय. ड्रायर पाहिजेच, आणि चार महिने पुरेल एवढा सुका माल मावेल असं शेड. कोटेशन घेताना हे दोन्ही प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये घाला, लोक मशीनचंच घालतात आणि जूनमध्ये प्लांट बंद पडतोय.