मदत हवी आहे: रोममधल्या भिंतीतला ऐलँथस काढायचा आहे, शेजारची केपर वाचवायची आहे

नमस्कार. आम्ही रोममध्ये राहतो. इमारतीमागच्या चौकात विटांची एक जुनी भिंत असून तिच्या सांध्यांतला चुना नखाने खरवडला तरी भुरभुरतो. या भिंतीत जेमतेम वीतभर अंतरावर दोन झाडे उगवली आहेत.

त्यांतली केपर मूळची याच भूमध्यसागरी प्रदेशातली. तिच्या मुक्या कळ्या इथे मिठात मुरवतात. ती आपल्या वाघाटीची सख्खी नातलग. आषाढी द्वादशीच्या पारण्याला वाघाटीची भाजी लागणाऱ्या घरात वाढल्यामुळे असेल, पण तिच्यावर माझा जीव आहे.

दुसरे झाड मला आधी महारुखच वाटले, आणि ते अगदीच चूक नव्हते, कारण दोन्ही झाडे ऐलँथस या एकाच गटातली. फक्त हा भिंतीतला ऐलँथस अठराव्या शतकात चीनमधून युरोपात शोभेसाठी आणलेला. पर्णिकेच्या (संयुक्त पानातल्या छोट्या पानाच्या) बुडाशी कडेच्या दातावर बारीक ग्रंथी दिसते आणि पान चुरगळले की खवट शेंगदाण्यांसारखा वास येतो, त्यामुळे ओळखीबद्दल शंका नाही. २०१९ पासून तो युरोपीय संघाच्या आक्रमक परकीय जातींच्या यादीतही आहे.

मार्चमध्ये आम्ही तो भिंतीलगत करवतीने कापला, ही घोडचूक झाली. जूनपर्यंत फरशीच्या फटींतून सात धुमारे फुटले, त्यांतला एक तर भिंतीपासून दोन मीटरवर. उन्हाळ्याच्या अखेरीस अन्नरस मुळांकडे उतरू लागल्यावर खोडात तणनाशक भरावे, असे आता वाचतो आहे. काम परवानाधारक माणसाकडूनच करून घेऊ, परंतु ते औषध मातीतून केपरच्या मुळांपर्यंत जाईल का? आणि मुळे कुजल्यावर राहिलेल्या पोकळ्या कशाने भराव्यात? गडांच्या तटबंदीतले वड-पिंपळ काढण्याचा अनुभव असलेल्यांनी यावर आवर्जून लिहावे.

'भिंतीत काहीच काढू नका, कलोसियमच्या अवशेषांत १८५५ मध्ये रिचर्ड डीकिन या इंग्रज वनस्पतिअभ्यासकाने वनस्पतींच्या ४२० जाती नोंदवल्या होत्या', असे एक शेजारी सांगतात. गवताफुलांपुरते मला ते मान्य आहे, विटा उचकटणाऱ्या मुळांपुरते नाही. उलट इमारतीच्या पुढच्या बैठकीत सगळ्या भिंतीला सिमेंटचा गिलावा देण्याचा प्रस्ताव येणार आहे, आणि त्यात केपरही गाडली जाईल. चुन्याचाच गिलावा का हवा, हे तिथे कसे पटवून द्यावे?