स्क्रीम, श्रीक, स्क्रीच, स्क्वील : मराठी कॅप्शनमध्ये काय लिहायचं?

मिरजेचा मामा

नमस्कार मंडळी. माझा भाचा जन्मापासून कर्णबधिर आहे. आता आठवीत आहे, मराठी झरझर वाचतो आणि इंग्लंडमधल्या रहस्यमालिकांचं त्याला वेड आहे. त्याच्यासाठी आणि त्याच्या शाळेतल्या दोस्तांसाठी मी इंग्रजी मालिकांना मराठी कॅप्शन लिहितो. संवादांचं फारसं अडत नाही. गाडी अडते ती आवाजांपाशी.

कर्णबधिरांसाठीच्या इंग्रजी कॅप्शनमध्ये महत्त्वाच्या प्रत्येक आवाजाची नोंद असते. सध्या हातात असलेल्या भागात जुन्या वाड्यातली मोलकरीण 'स्क्रीम' करते, मालकीणबाई उंदीर बघून 'श्रीक' करतात, घुबड 'स्क्रीच' करतं, शेतावरची डुकरं 'स्क्वील' करतात, मोटारीचे ब्रेकही 'स्क्वील' करतात, कुत्रं 'येल्प' करतं आणि शेवटी म्हातारी आई 'वेल' करते. शब्दकोश उघडला की जवळजवळ सगळ्यांपुढे तेच: किंकाळी, चीत्कार, कर्कश ओरडणे. कच्चा मसुदा भाच्याला दाखवला तर त्याने वहीत लिहून विचारलं, "मामा, बाई, घुबड आणि डुक्कर एकसारखेच ओरडतात का?"

ज्याला ऐकू येतं त्याच्या कॅप्शनमध्ये एखादा शब्द इकडेतिकडे झाला तरी कान सांभाळून घेतात. या पोराच्या हातात त्या शब्दाशिवाय काहीच नाही. म्हणून विचारतो, इंग्रजी माणसाच्या कानाला या शब्दांत नेमका काय फरक वाटतो आणि आपल्याकडे कोणता शब्द चालेल? कोशातले अर्थ माझ्याकडे आहेत. हे आवाज प्रत्यक्ष ऐकलेल्यांनी सांगावं.

आणखी एक. त्याच भागात रात्री बागेतून किंकाळी येते, खून झाला म्हणून सगळे कंदील घेऊन धावतात, आणि ती निघते 'फॉक्स'ची. तिथे कोल्हेकुई लिहू का?

नॉरफोकची माहेरवाशीण

मामा, कोल्हेकुई अजिबात लिहू नका. तिथूनच सुरुवात करते.

मी मूळची संगमनेरची. बरीच वर्षं इंग्लंडच्या पूर्वेला, नॉरफोकमधल्या एका खेड्याच्या टोकाला राहते. इथला फॉक्स म्हणजे आपला कोल्हा नव्हे. आपला कोल्हा म्हणजे जॅकल. फॉक्सचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. कोल्हेकुई म्हटलं की एकाने सूर धरायचा आणि उसाच्या फडातून बाकीच्यांनी तो उचलायचा, असंच आपल्या डोळ्यांपुढे येतं. इथली मादी एकटीच ओरडते. डिसेंबर ते फेब्रुवारी हा त्यांचा जोडीचा हंगाम, जानेवारीत ओरडणं सगळ्यात जास्त. आवाज घोगरा, ताणलेला, शेवटी फाटणारा. एकदा येतो, थांबतो, मग कुंपणापलीकडून पुन्हा येतो. कोणी बाईचा गळा धरलाय असंच वाटतं. कानांची सवय झाली तरी पहिल्या हाकेला मी आजही उठून बसते.

आता तुमच्या प्रसंगाचं. कळीची गोष्ट ही की ऐकणाऱ्या प्रेक्षकालाही त्या क्षणी ते जनावर आहे हे माहीत नसतं. तुम्ही 'खोकड ओरडते' लिहिलंत तर भाच्याला रहस्य आधीच कळेल आणि बाकीचे का धावतायत तेच त्याला कळणार नाही. 'बाई किंचाळते' लिहिलंत तर ते खोटं ठरेल. 'दूर अंधारात किंकाळी' एवढंच लिहा. प्राणी पडद्यावर आला की दुसऱ्यांदा 'खोकड ओरडते'. ऐकणाऱ्याला जेवढं कळतं तेवढंच वाचणाऱ्याला कळलं पाहिजे, कमी नाही आणि जास्तही नाही.

घुबडाबद्दल सांगायलाच हवं, कारण इथे हमखास घोटाळा होतो. मराठीत घुबड म्हटलं की हात आपोआप 'घूत्कार' लिहितो. इंग्लंडमध्ये रात्री घुमणारं घुबड वेगळं, त्याला टॉनी आउल म्हणतात. त्याचा नर लांब 'हूऽऽ' काढतो आणि मादी 'की-विक' असं तोडून ओरडते. त्याला घूत्कार शोभतो. पण स्क्रीच करणारं इथलं घुबड म्हणजे बार्न आउल, आपलं गव्हाणी घुबड. ते घुमत नाही. पांढरं तोंड घेऊन संध्याकाळी शेताच्या बांधावरून आवाज न करता उडतं आणि मधूनच जाड कापड टराटरा फाडल्यासारखं ओरडतं. त्या आवाजात सूर नाही, नुसती खरखर आहे. इंग्रज माणूस स्क्रीच म्हणतो तेव्हा त्याला हा घासलेपणा, हा ओरखडा अभिप्रेत असतो. म्हणून टायर स्क्रीच करतात, माइक स्क्रीच करतो, आणि भांडताना बाईला 'स्क्रीच करू नकोस' म्हटलं तर तिचा अपमान होतो. मी 'घुबड कर्कश चिरकतं' असं लिहीन. चिरका आवाज म्हटलं की मराठी वाचकाला पातळ आणि खरखरीत दोन्ही मिळतं.

स्क्वीलमध्ये खरखर नसते. तो बारीक, लांब, वर चढत जाणारा आवाज. आमच्याकडे डुकरं उघड्या रानात पाळतात, पत्र्याच्या अर्धगोल खोपट्यांच्या रांगाच्या रांगा असतात. खाणं आलं की पिलं जे सुरू करतात ते स्क्वील. मात्र हाच शब्द पोरांच्या आनंदालाही लागतो. आजी दारात दिसली की नातवंडं स्क्वील करतात. तिथे किंचाळणं लिहिलंत तर भाच्याला वाटेल पोरं घाबरली. आनंदाला 'चीत्कारतात' लिहा, डुकराला 'चीं चीं करून ओरडतात'. इंग्रजीत शब्द एक आहे म्हणून मराठीतही एकच हवा, हे बंधन सोडून द्या.

स्क्रीम आणि श्रीक मी इथल्या शेजारणीकडून बसून समजून घेतले. तिच्या मते स्क्रीम म्हणजे तोंड पूर्ण उघडून, पोटातून, श्वास पुरेल तोवर. त्याला वेदना, भीती, संताप काहीही चालतं. श्रीक तोकडं, टोकदार, दचकल्यासारखं, हसतानाही निघतं. त्यामुळे मोलकरीण 'किंकाळी फोडते' आणि उंदीर बघून मालकीणबाई 'दचकून किंचाळतात'. येल्पला तर आपला घरचा शब्द आहेच: कुत्रं 'केकाटतं'.

एक गंमत म्हणून नाही, उपयोग होईल म्हणून सांगते. मे महिन्यात इथे स्विफ्ट पक्षी आफ्रिकेतून येतात आणि ऑगस्ट लागला की निघतात. उन्हाळी संध्याकाळी त्यांचे थवे छपरांच्या उंचीवरून ओरडत गोल गोल उडतात. त्याला इथले पक्षिनिरीक्षक स्क्रीमिंग पार्टी म्हणतात. मालिकेत उन्हाळ्याची संध्याकाळ असेल तर मागे तो आवाज हमखास असतो. तिथे किंकाळी लिहाल तर पोरगं खून शोधत बसेल. 'पाकोळ्यांचा थवा चिरचिरत जातो' पुरे.

गॅरेजवाले, इस्लामपूर

ताईंनी सगळं सांगितलंय, मी फक्त ब्रेकपुरतं बोलतो. ब्रेकचं स्क्वील आणि टायरचं स्क्रीच हे वेगवेगळे आवाज आहेत. डिस्क ब्रेकच्या बऱ्याच पॅडवर पत्र्याची एक छोटी पट्टी मुद्दाम बसवलेली असते. पॅड झिजलं की ती डिस्कला घासते आणि बारीक चीं आवाज येतो. पॅड बदला, असं गाडीच सांगत असते. त्यामुळे मालिकेत गाडी आरामात येऊन थांबताना स्क्वील असेल तर 'ब्रेक चीं करून वाजतात' लिहा, म्हणजे गाडी जुनी आहे हे पोराला कळेल. टायर घासले गेले असतील तर 'कचकन ब्रेक, टायर कर्रकन घासतात'. पहिल्यात घाई नाही, दुसऱ्यात कोणीतरी मरता मरता वाचलंय.

निवृत्त शिक्षक, वाई

मामा, तुमचं काम फार मोलाचं आहे. चालू ठेवा.

ताईंचा भेद बरोबर आहे, फक्त त्याची भिंत करू नका. इंग्रजीतच हे शब्द एकमेकांच्या अंगणात जातात. 'मॅकबेथ'च्या दुसऱ्या अंकात खुनाच्या रात्री लेडी मॅकबेथ घुबडाला श्रीक लावते आणि काही ओळींनी, नवरा बाहेर आल्यावर, त्याच घुबडाला स्क्रीम लावते. शेजारी रातकिडेही ओरडतात. नाटककाराला तिथे पक्ष्याची जात सांगायची नव्हती, तिच्या कानांची अवस्था सांगायची होती. कॅप्शन लिहिताना आधी कोण ओरडतंय ते बघा, मग कशाने ओरडतंय ते, आणि कोश सगळ्यात शेवटी उघडा.

वेलबद्दल कोणी बोललं नाही. वेल उंच असतो पण तुटक नसतो. तो लांबतो, खाली येतो, पुन्हा चढतो. म्हातारी आई मुलाच्या प्रेतापाशी असेल तर आपल्याकडे शब्दांची श्रीमंती आहे, ती वापरा. बातमी कानावर पडताच जो फुटतो तो 'हंबरडा'. मदतीसाठी, आकांताने जो फोडतात तो 'टाहो'. आणि नंतर ती बसून सुरात रडत असेल तर 'हेल काढून रडते'. हे तिन्ही आवाज वेगळे आहेत आणि मराठी मुलाला ते वाचून वेगळे दिसतील.

मालिका आयर्लंडमधली असली तर 'कीनिंग' हा शब्दही येईल. तो आयरिश भाषेतून इंग्रजीत गेलेला. प्रेताभोवती बसून बायका मृताचे गुण गात सुरात रडायच्या, आणि त्यात निष्णात असलेल्या बायकांना त्यासाठी मोबदला देऊन बोलवायचे. चर्चने या प्रथेला कडाडून विरोध केला आणि ती हळूहळू मिटली. आमच्या गावाकडे म्हाताऱ्या 'माझ्या वाघा, आता मला कोण रं' म्हणत हेल काढायच्या, त्याच्याशी हे जुळतं. तिथे नुसतं 'रडते' लिहू नका.

रेकॉर्डिंगवाला, पुणे

स्क्रीममध्ये नेमकं काय असतं याचा 2015 साली 'करंट बायोलॉजी' या नियतकालिकात चांगला अभ्यास आलाय. किंकाळी नुसती उंच नसते, तिचा जोर सेकंदाला साधारण 30 ते 150 वेळा वरखाली होतो. साध्या बोलण्यात हा चढउतार सेकंदाला चार-पाच वेळाच होतो. त्यातून जी खरखर येते तिने मेंदू घाबरतो, आणि धोक्याच्या भोंग्यांमध्येही तीच खरखर सापडते. म्हणून गायिकेचा तार सप्तकातला सूर कितीही उंच असला तरी आपण दचकत नाही. मामा, भाच्याला हे जरूर सांगा. स्पीकरवर तळहात ठेवून त्याला मोठ्या आवाजातली कंपनं जाणवत असतील तर एक साधा सूर आणि एक किंकाळी लागोपाठ लावून बघा.

दुसरं, अमेरिकन चित्रपटात पांढऱ्या डोक्याचा गरुड दिसला की जो करारी आवाज येतो, तो बहुतेकदा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच शिकारी पक्ष्याचा चिकटवलेला असतो. त्या गरुडाचा स्वतःचा आवाज अगदी किरटा. कॅप्शनमध्ये जे ऐकू येतं तेच लिहा.

मिरजेचा मामा

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून पूर्ण भाग पुन्हा लिहिला. बीबीसीच्या सबटायटलविषयीच्या सूचनांमध्ये एक गोष्ट वाचली होती, ती आता नीट पटली: आवाजाची नोंद कर्ता आणि क्रियापद अशी करा. 'जमिनीच्या फळ्यांची करकर' नको, 'जमिनीच्या फळ्या करकरतात' हवं. मराठीत तर याचा दुप्पट फायदा, कारण आपली सगळी समृद्धी क्रियापदांत आहे: चिरकतं, केकाटतं, चीत्कारतात, हंबरडा फोडते. कर्ता लपवायचा आहे तिथेच फक्त नुसतं नाम ठेवलं, 'दूर अंधारात किंकाळी'.

भाच्याने ते वाचून मान वर केली आणि पडद्यावरचे लोक दाराकडे धावायच्या आधी त्याने खुणेने विचारलं, कोण?

एक राहिलं. पुढच्या भागात वाड्याच्या हिरवळीवर मोर आहेत आणि कॅप्शनमध्ये पुन्हा 'स्क्रीम' आहे. केकारव लिहू का?

नॉरफोकची माहेरवाशीण

प्रसंग काय आहे ते बघा. केकारव लिहिला की आपल्याकडच्या वाचकाच्या मनात ढग येतात, पाऊस येतो, आनंद येतो. इथल्या मोठ्या वाड्यांच्या बागांत मोर शोभेसाठी पाळतात आणि शेजारचे लोक त्यांच्या ओरडण्याने हैराण होतात. पाहुणी पहाटे दचकून जागी होत असेल तर 'मोर जोरात ओरडतो' लिहा. सकाळच्या चहाला सगळे हिरवळीवर निवांत बसले असतील तर केकारव खुशाल ठेवा.