मदत हवी आहे: सगळीकडे 'नेव्हर' करूनही लॅपटॉपची स्क्रीन बंद होते

घाईत_आहे:
लॅपटॉपची स्क्रीन सारखी आपोआप बंद होतेय. दहा-पंधरा मिनिटं झाली की काळी. पॉवर सेटिंगमध्ये सगळीकडे 'नेव्हर' केलंय, तरी तेच. परवा अहवाल द्यायचाय आणि इथे डोकं फिरायची वेळ आलीये. कृपया 'गूगल करा' म्हणू नका, करून झालंय.

जुनं_खोड:
विंडोज, मॅक की लिनक्स? चार्जर लावलेला असतो की बॅटरीवर चालवता? दोन्हींची वेळ वेगवेगळी लावावी लागते. लोक एकाला 'नेव्हर' करतात आणि दुसरं तसंच राहतं. 'सगळीकडे' म्हणजे नक्की कुठे कुठे?

टर्मिनलवाली:
टर्मिनल उघडा, 'कॅफिनेट -डी' लिहा, एंटर. ते चालू आहे तोवर स्क्रीन बंद होत नाही. बाकी काही करायला नको.

शंकेखोर:
ते मॅकचं झालं. धागाकर्त्याने मॅक आहे असं म्हटलंय कुठे?

टर्मिनलवाली:
नाही असं तरी कुठे म्हटलंय? :)

घाईत_आहे:
विंडोज ११. चार्जर कायम लावलेला. चार्जर आणि बॅटरी दोन्हीकडे नेव्हर, स्क्रीनसेव्हर 'नन'. लॅपटॉप माझा स्वतःचा आहे, ऑफिसचा नाही. आता सांगा.

कासवगती:
एवढं सेटिंग कशाला उचकता? काट्याचं घड्याळ टेबलावर आडवं ठेवा आणि त्यावर ऑप्टिकल माऊस ठेवा. सेकंदकाटा खालून गेला की कर्सर जरासा थरथरतो, कॉम्प्युटरला वाटतं माणूस बसलाय. मी वर्षभर हेच करतोय.

टर्मिनलवाली:
वर्षभर काम कधी केलंत मग?

शंकेखोर:
@कासवगती, ऑफिसच्या मशीनवर असलं काही करायला जाऊ नका, एक दिवस अंगाशी येईल. पॉवरटॉइजमध्ये 'अवेक' नावाचं साधन आहे, खुद्द मायक्रोसॉफ्टचं. त्यात 'कीप स्क्रीन ऑन' चालू करायचं. नाहीतर 'कॅफीन' म्हणून एक छोटा प्रोग्रॅम आहे, तो दर ५९ सेकंदांनी एफ१५ दाबल्याचं नाटक करतो.

कासवगती:
एफ१५? माझ्या कीबोर्डवर एफ१२ नंतर काहीच नाही.

शंकेखोर:
म्हणून तर ती निवडलीये. कुठल्या कामाच्या आड येत नाही.

पिक्सेलपंत:
मुळात स्क्रीन सतत चालू ठेवायचीच कशाला? ओलेड असेल तर टास्कबारचा कायमचा डाग पडेल. जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरांवर असेच डाग पडायचे, स्क्रीनसेव्हर त्यासाठीच आले. साध्या एलसीडीला एवढी भीती नाही, पण सवय वाईटच.

घाईत_आहे:
अहो पंत, मला डाग चालेल, अंधार नको.

जुनं_खोड:
सगळे जरा थांबा. धागाकर्ते, दोनच गोष्टी सांगा. स्क्रीन जाते तेव्हा तुमचे हात कुठे असतात? आणि परत आली की पासवर्ड मागते का?

घाईत_आहे:
हात कुठे असणार, कीबोर्डवरच. वाक्य अर्धं टाइप झालेलं असतं आणि जाते. हो, पासवर्ड मागते. कधीकधी पॉवरचं बटण दाबूनही येत नाही, मग वैतागून लॅपटॉप उचलून परत ठेवला की येते.

जुनं_खोड:
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं हो! प्रत्येक की दाबली की तो टायमर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. टाइप करताना टायमरने स्क्रीन जात नाही. तुमच्या 'नेव्हर'मध्ये काही चूक नाही, भलत्याच खुंटीला टांगलंय एवढंच.

बिनतारी:
उचलल्यावर येते म्हणजे बिजागरीतली डिस्प्ले केबल सैल झालीये. माझ्याकडे डिट्टो हेच झालं होतं. केबल बदला, शंभर टक्के.

जुनं_खोड:
केबल सैल असेल तर चित्र जाईल, पण पासवर्ड कोण मागेल? मशीन झोपतंय. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, सिस्टिम. तिथे 'कर्नेल-पॉवर'च्या ५०६ किंवा ४२ क्रमांकाच्या नोंदी शोधा आणि कारण काय लिहिलंय ते इथे टाका.

बिनतारी:
तरी मी केबल म्हणतो.

घाईत_आहे:
५०६ च्या नोंदी ढिगाने आहेत. आजच्याच सात. प्रत्येकीत 'रीझन: लिड'. पण झाकण तर सताड उघडं असतं!!

शंकेखोर:
लॅपटॉप ठेवलाय कशावर?

घाईत_आहे:
जुन्या बंद पडलेल्या लॅपटॉपवर. टेबल बुटकं आहे, मान दुखते. त्याचा काय संबंध?

जुनं_खोड:
सगळा संबंध त्याचाच आहे. बहुतेक लॅपटॉपांच्या झाकणात चुंबक असतो आणि खालच्या भागात तो ओळखणारा सेन्सर. चुंबक जवळ आला की मशीन समजतं झाकण मिटलं, आणि झोपतं. तुमच्या जुन्या लॅपटॉपच्या झाकणातला चुंबक आता वरच्याच्या पोटाखाली आहे. सकाळी नीट ठेवता, टाइप करता करता वरचा जरा जरा सरकतो, सेन्सर चुंबकावर आला की अंधार. उचललात की लांब गेला, उजेड. म्हणून तुम्हाला दहा-पंधरा मिनिटांचा टायमर वाटला. चुंबकी पट्ट्याच्या घड्याळानेही होतं हे.

शंकेखोर:
'झाकण मिटल्यावर काही करू नको' असं लावता येईल की.

जुनं_खोड:
लावता येईल, झोपणार नाही. पण बऱ्याच मशीनवर लॅपटॉपची स्वतःची स्क्रीन तरीही विझते. खालचा काढा, सोपं आहे.

वाचनमात्र:
धागा पळवतोय, माफी. माझी स्क्रीन मी खुर्चीतून उठलो की बंद होते. हेच का?

शंकेखोर:
नाही. काही नव्या लॅपटॉपांत समोर माणूस आहे की नाही हे पाहणारा सेन्सर असतो. सेटिंग्जमध्ये 'प्रेझेन्स सेन्सिंग' शोधा आणि तिथलं 'मी गेल्यावर बंद कर' हे काढा.

घाईत_आहे:
खालचा लॅपटॉप काढला, दोन जाडे शब्दकोश ठेवले. तीन तास झाले, एकदाही गेली नाही. मग मुद्दाम जुना परत ठेवून वरचा हळूहळू पुढे ढकलून पाहिला. डाव्या कोपऱ्यापाशी बोटभर सरकला आणि पट्कन काळी! चार वेळा केलं, चारही वेळा. @जुनं_खोड, साष्टांग नमस्कार. आता अहवालाला बसतो.

बिनतारी:
तरी केबल एकदा दाखवून घ्याच.