सेंट ब्रिजिड: म्हणे देवी ढापली!

लिफीकाठची: परवा कुणीतरी इथे ठोकून दिलं, "आयर्लंडात ब्रिजिड नावाची संत झालीच नाही, चर्चने देवी ढापून तिची नन केली." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही. कॉगिटोसस या आयरिश मठवाशाने सातव्या शतकातच संत ब्रिजिडचं चरित्र लिहिलं, त्यात तिचा किल्डेअर गावचा मठ चांगला गजबजलेला आहे. तुमची देवी कुठे सापडते? कॉरमॅकच्या जुन्या आयरिश शब्दकोशात, इ.स. ९०० च्या आसपास. तोही ख्रिस्ती हातचा. आधी संत, मग देवी. निदान कागदावर तरी.

उंबरठा: परवाचा तो 'कुणीतरी' मीच. कागद बघून सण करतं का कुणी? ब्रिजिडचा सण १ फेब्रुवारीला, आणि त्याच दिवशी इम्बोल्क हा जुना वसंताचा सण, मेंढ्यांना दूध उतरायचा काळ, हा काय योगायोग? बाराव्या शतकात जेराल्ड ऑफ वेल्स या धर्मगुरूने किल्डेअरच्या अखंड अग्नीबद्दल लिहिलंय: १९ नन पाळीपाळीने राखायच्या, विसाव्या रात्री स्वतः ब्रिजिड. पुरुषांना कुंपणाआत बंदी! ही चर्चची रीत वाटते?

सोमवारग्रस्त: तुमचं चालू द्या. २०२३ पासून ब्रिजिडच्या सणाची सुट्टी मिळाली, बाईच्या नावाची इथली पहिली, तर ती फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी! १ तारीख शुक्रवारी आली तरच त्या दिवशी. त्यात लेकीच्या क्रेशमध्ये ब्रिजिडचे क्रॉस लव्हाळ्याऐवजी पाइपक्लीनरच्या लोकरी तारांचे करून घेतले. लव्हाळा संपला का आयर्लंडातला?

केरीची सून: पाइपक्लीनर?? आमच्याकडे लव्हाळा कापतही नाहीत, हाताने उपटतात. पहिल्या वर्षी मी कात्री घेऊन गेले, सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. ती नजर अजून आठवते.

सोमवारग्रस्त: आम्ही कात्रीनेच कापतो. छप्पर पडलं नाही अजून.

केरीची सून: क्रॉस घराला आग लागू नये म्हणून असतो हो, छप्पर पडू नये म्हणून नाही! माहिती नसेल तर विचारावं. आदल्या रात्री बाहेर फडकं ठेवता का? ब्रात ब्रीजे, म्हणजे ब्रिजिडचं वस्त्र? डोकं दुखलं की बांधायचं ते.

सोमवारग्रस्त: आणि उतरतं?

केरीची सून: गोळी घेते मी. पण फडकं ठेवते.

उंबरठा: बघा! याला म्हणतात देवीचं करणं. आता तरी पटलं?

लिफीकाठची: फडक्यावरून देवी सिद्ध झाली, धन्य! बरं, अग्नीचं प्रकरण विचित्र आहे, मानते. पण तुमचे जेराल्डबुवा ब्रिजिडनंतर साडेसहाशे वर्षांनी उगवले.

उंबरठा: कॉगिटोसस तरी कुठे तिच्या पंगतीला होता? शंभरावर वर्षं उलटली होती की.