३७ टक्के हायड्रोक्लोरिक आम्लापासून एन/१० द्रावण करताना हिशेब कोठे चुकला?

प्रश्न (सांगली)
या गळीत हंगामापासून मी एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उमेदवारी करीत आहे. बॉयलरच्या पाण्याची क्षारता मोजण्यासाठी एक लिटर एन/१० आम्ल (एन म्हणजे नॉर्मल, या आम्लासाठी लिटरला ३६.४६ ग्रॅम; एन/१० म्हणजे त्याचा दहावा भाग) करायचे होते, म्हणून १०० मिलित ३७ ग्रॅम आम्ल असते असे धरून मी ९.८५ मिलि घेतले. ०.१३२५ ग्रॅम निर्जल सोडियम कार्बोनेटला २५ मिलि द्रावण लागायला हवे होते, परंतु मेथिल ऑरेंज या दर्शकाचा रंग २१.२ मिलिलाच पालटला. दोनदा करून पाहिले, तेच आले. याचेच एन/५० करण्यासाठी "एकास पाच पाणी घाला" असे मला सांगण्यात आले आहे. ते योग्य आहे का?

उत्तर (कराड)
आपले टायट्रेशन (थेंबथेंब आम्ल सोडून केलेले मापन) अचूक आहे, चूक आहे ती बाटलीवरचा आकडा वाचण्यात. ३७ टक्के हे वजनाला वजन असते. आम्लाची घनता १.१८ धरली, तर एका लिटरचे वजन ११८० ग्रॅम भरते, त्यात ४३६.६ ग्रॅम हायड्रोजन क्लोराइड असते आणि त्याला ३६.४६ ने भागले की सुमारे १२ नॉर्मल येते. म्हणजे ८.३५ मिलि पुरे होते. आपले द्रावण ०.११८ नॉर्मल झाले आहे. हिशेबातून वगळलेली १.१८ ही घनताच उत्तरात जशीच्या तशी उतरली, हे पाहून गंमत वाटली. अर्थात वरचेवर उघडलेल्या बाटलीतून वायू निसटत राहतो, त्यामुळे हिशेब कितीही नेटका असला तरी प्रमाणीकरण, म्हणजे आपण केले तसे कार्बोनेटवर द्रावण तपासणे, टळत नाही.

उत्तर (सातारा)
"एकास पाच" हा शब्दप्रयोग प्रयोगशाळेत करूच नये, असे माझे मत आहे. एक भाग आम्लात पाच भाग पाणी घातले की एकूण सहा भाग होतात आणि एन/१० चे एन/६० होते. मग ५० मिलि नमुन्याला जेथे १२ मिलि आम्ल लागायचे तेथे १४.४ मिलि लागेल आणि २४० ऐवजी २८८ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्षारता नोंदवली जाईल. खऱ्या एन/१० चे २०० मिलि घेऊन १००० पर्यंत पाणी भरावे लागते. आपल्या द्रावणाचे मात्र १६९.५ मिलि पुरतील. १०० आणि ५० मिलि पिपेटने घ्या, उरलेले १९.५ ब्युरेटने सोडा. तयार द्रावण ओतून देऊ नका.

प्रश्नकर्ता
आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे केले. ०.०४२४ ग्रॅम कार्बोनेटला ४० मिलि अपेक्षित होते, ३९.९ लागले.