ओला कागद, नाचणीची खीर आणि सातव्या वर्षापर्यंत अक्षरबंदी : याला शिक्षण म्हणायचं का?

खडूफळा
परवा एका पालकगटातून फिरत फिरत एक पोस्ट माझ्यापर्यंत आली. पुण्यातल्या काही होमस्कूलिंगवाल्या घरांनी मिळून वॉल्डॉर्फ पद्धतीचा (रुडॉल्फ श्टायनरनं जर्मनीत सुरू केलेली शिक्षणपद्धती) गट सुरू केलाय, त्याचं आठवड्याचं वेळापत्रक. सोमवारी ओल्या कागदावर जलरंग, मंगळवारी जात्यावर दळण आणि पाव भाजणं, बुधवारी मधमाशीच्या मेणाच्या आकृत्या, गुरुवारी बोटांवरचं विणकाम, शुक्रवारी टेकडी. रोज सकाळी फेर. खाऊसुद्धा वारानुसार : सोमवारी भात, मंगळवारी जव, बुधवारी नाचणीची खीर. इथवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण शेवटी लिहिलंय, ‘आमची मुलं सात वर्षांची होईपर्यंत अक्षरांच्या वाटेला जात नाहीत. शाळेत जाणारी मुलं पाहिली की वाईट वाटतं.’

हे वाईट वाटणं वाचून डोकं फिरलं, म्हणून हा धागा.

मी मराठवाड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी शिकवते. ऊसतोडीचा पट्टा आहे. दिवाळी झाली की वर्ग ओस पडतो, ऊन तापायला लागलं की पोरं परत येतात. माझ्याकडची मुलगी सातव्या वर्षी अक्षर न ओळखता येते तेव्हा तिचं ‘बालपण जपलं’ असं कुणी म्हणत नाही. तिच्या नावापुढे अप्रगत लिहितात आणि मला नोटीस येते. ‘असर’ या शिक्षणाच्या देशव्यापी सर्वेक्षणाच्या २०२२ च्या पाहणीत देशातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी जेमतेम २०.५ टक्के होती. आम्ही त्या आकड्याशी झगडतोय आणि इकडे न वाचणं हा अभ्यासक्रम झालाय.

आणि हे सगळं जर्मनीहून कशाला आणायचं? बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला अनुताई वाघांना सोबत घेऊन बालवाडी उभी केली. बिया, शंख-शिंपले, माती, जे गावात मिळेल ते साहित्य. पुढे कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा. तिथे फी नव्हती.

लोकरीचा_गुंडा
ती पोस्ट माझीच. निदान नीट वाचून तरी टीका करायची.

‘अक्षरबंदी’ हा शब्द तुमचा. मुलं रस्त्यावरच्या पाट्या बघतात, विचारतात, आम्ही सांगतो. फक्त बसवून गिरवून घेत नाही. रोज गोष्ट तोंडी सांगतो, पुस्तक हातात न धरता, आणि तीच गोष्ट तीन-चार दिवस. आठवड्याअखेर मुलं ती आपल्याला परत सांगतात, त्यातल्या वाक्यांसकट. हे भाषेचं काम नाही?

ओल्या कागदाला हसणाऱ्यांनी एकदा करून बघावं. कागद भिजवायचा, स्पंजनं वरचं पाणी टिपायचं, सुरुवातीला एकच रंग. नुसता पिवळा. मग पुढे कधीतरी निळा येतो आणि मध्ये हिरवा आपोआप उगवतो. बाह्यरेषा नाही, ‘घर काढ, झाड काढ’ नाही. पाच वर्षांचं मूल तो हिरवा बघून गप्प होतं, हे मी पाहिलंय. (पावसाळ्यात हे कागद दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि हॉलभर दोऱ्या बांधाव्या लागतात, हा आमचा खरा प्रश्न आहे. सात वर्षांचा नव्हे.)

आणि पुरावाच हवा तर न्यूझीलंडमध्ये सबॅस्टियन सगेट यांनी पाचव्या वर्षी आणि सातव्या वर्षी वाचायला लागलेल्या मुलांची तुलना केली आहे. अकराव्या वर्षापर्यंत फरक उरला नव्हता.

तर्कट
खीर आणि जलरंग बाजूला ठेवा. मूळ विचारसरणीवर कुणीच का बोलत नाही?

वॉल्डॉर्फचा जनक श्टायनर हा जर्मनीतल्या थिऑसॉफिकल सोसायटी या गूढवादी संस्थेचा प्रमुख. जिद्दू कृष्णमूर्तींना जगद्गुरू ठरवण्यावरून ॲनी बेझंट यांच्याशी बिनसलं आणि त्यानं अँथ्रोपोसॉफी नावाचं स्वतःच्या अध्यात्माचं वेगळं दुकान मांडलं. सात-सात वर्षांचे टप्पे, दुधाचे दात पडल्याशिवाय वाचन नको, मुलांचे चार स्वभाव, हे सगळं तिथून येतं. मुळाशी कर्म आणि पुनर्जन्म आहे. वंशांबद्दल त्यानं जे बोलून ठेवलंय ते तर आज कुठल्याही पालकसभेत मोठ्यानं वाचून दाखवता येणार नाही.

आणि ते वाराचं धान्य! सोमवार चंद्राचा म्हणून भात, मंगळवार मंगळाचा म्हणून जव, बुध म्हणून भरड धान्य, गुरू म्हणून राय. आमची आजी सोमवारी पांढरं आणि गुरुवारी पिवळं खायला सांगायची तेव्हा घरातले सगळे शिकलेले लोक तिला अंधश्रद्ध म्हणायचे. तेच जर्मनीला जाऊन आलं की शिक्षणपद्धती.

लोकरीचा_गुंडा
आमच्याकडे कुणी पुनर्जन्म शिकवत नाही. वाराचं धान्य ठेवलं की चार वर्षांच्या मुलाला आज कुठला वार ते कळतं, एवढंच. तुम्ही तुमचा वार कॅलेंडरवरून शिकलात, छान.

नेकारकाठ
श्टुटगार्टहून लिहितोय, म्हणजे अगदी उगमावरून. माझी मुलगी इथल्या वॉल्डॉर्फ शाळेत आहे, म्हणून दोन गोष्टी.

एक, जर्मनीत होमस्कूलिंगच चालत नाही. मुलाला शाळेत घालावंच लागतं. त्यामुळे ‘वॉल्डॉर्फ होमस्कूल’ म्हटलं की इथले शिक्षक बुचकळ्यात पडतात.

दोन, ही पहिली शाळा १९१९ मध्ये वॉल्डॉर्फ-अस्टोरिया सिगारेट कारखान्याच्या कामगारांच्या मुलांसाठी निघाली. मालक एमिल मोल्ट यांनी श्टायनरला बोलावलं होतं. आज इथे सरकार अशा शाळांना बराच पैसा देतं आणि उरलेली फी आमच्या शाळेत तरी उत्पन्न बघून ठरते. पुण्यात तसं होऊ शकत नाही हे मान्य, पण मग कामगारांच्या मुलांची गोष्ट माहितीपत्रकात सांगू नये.

पुण्यातल्या एका गटाचं ऋतूंचं टेबल (त्या त्या ऋतूतल्या वस्तू मांडायचं) मी भारतात आलो असताना पाहिलं. ऑक्टोबर महिना, बाहेर अंगाची लाही होतेय, आणि टेबलावर नमद्याची केशरी मेपलची पानं, खाली भोपळा. अहो, आपल्याकडे पानगळ फेब्रुवारी-मार्चात. तेव्हा पळस, पांगारा, काटेसावर बिनपानांची पेटलेली असते. ते ठेवा की टेबलावर! अकरा नोव्हेंबरला कंदील घेऊन फिरणं हा इथल्या सेंट मार्टिनचा सण आहे, साध्या बालवाड्याही करतात, कारण पाचलाच अंधार पडायला लागतो. पुण्यात त्या वेळी शेजारचे लोक आकाशकंदील उतरवत असतात.

लोकरीचा_गुंडा
मेपलचा मुद्दा मान्य. ते टेबल आमच्या गटाचं नव्हतं, पण सुरुवातीला आम्हीही तेच केलं असतं. आता आम्ही हस्त नक्षत्रावर भोंडला करतो. पाटावर हत्ती, भोवती फेर. त्यासाठी श्टायनर लागला नाही, हे तर्कट यांच्या समाधानासाठी नमूद करते.

मंगळवेढेकर
धाग्याशी थेट संबंध नाही, पण मंगळवारी पाव का? पुण्यात राहून मैद्याचा पाव भाजायला शिकवताय आणि भाकरी नाही? आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे, मालदांडी पोत्यानं मिळते. दळा आणि थापा.

लोकरीचा_गुंडा
मैदा नाही, गहू. आणि भाकरी करून पाहिली. लहान मुलांच्या हातून थापताना तुटते. पाव मळायला मुलांना मजा येते, पीठ ताणलं जातं.

मंगळवेढेकर
तुटणारच. ज्वारीत ग्लूटेन नाही, पीठ धरून ठेवणारं काही नसतं. म्हणून आधण घालायचं. उकळत्या पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो आणि चिकटपणा येतो. आणि पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी (चिकटपणा) गेलेली असते, मग आधण घालूनही भाकरी चिरते. तुम्ही मॉलमधलं पुड्यातलं पीठ आणलं असणार.

खान्देशी_ठेचा
आधण कशाला? आमच्याकडे दादर ज्वारीची भाकरी गार पाण्यात मळतात. हाताला जोर हवा, मळायला वेळ द्यायला हवा. आधण म्हणजे शॉर्टकट. आणि कळण्याची भाकरी खाल्ली आहे का कधी? ज्वारीत उडीद असला की ती तुटत नाही, पोरांनाही जमते. वॉल्डॉर्फवाल्यांनी बुधवारी कळणं ठेवावं.

मंगळवेढेकर
कळणं हा वेगळा पदार्थ आहे. त्यात उडीद चिकटपणा देतो, तुमच्या हाताचा जोर नाही. निखळ ज्वारीची गार पाण्यातली भाकरी दुपारपर्यंत वातड होते. आणा कधी, बघू.

खान्देशी_ठेचा
वातड तुमच्याकडची होत असेल. माझी आई शेतात दुपारचं घेऊन जायची, मऊसूत.

तर्कट
श्टायनरच्या वंशविचारावर एकानंही उत्तर दिलेलं नाही आणि भाकरीवर सहा प्रतिसाद. महाराष्ट्र!

बाबा_घरी
मी दोन वर्षांपासून नोकरी सोडून घरी आहे, मुलासाठी. शाळेचं नाव सांगत नाही. पहिलीत त्याला एका जागी बसता यायचं नाही, म्हणून त्याला वर्गाबाहेर उभं करायचे. तो घरी येऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा, स्वतःहून, खेळ म्हणून. ते बघितल्यावर मला सगेट, श्टायनर कुणाचीच गरज उरली नाही.

तो साडेआठव्या वर्षी वाचायला लागला. टेकडीवरच्या पक्ष्यांची नावं हवी होती म्हणून. आता थांबत नाही.

कायद्याचंही कुणीतरी काढेल म्हणून आधीच सांगतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण न घातल्यास शिक्षा लिहिलेली नाही. आमच्यासारखे बहुतेक पुढे एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून परीक्षा देतात, चौदा पूर्ण झाली की दहावी. ही पळवाट असेल तर असू दे.

खडूफळा
बाबा_घरी, तुमच्या मुलाबद्दल वाचून शाळेची बाजू घ्यावीशी वाटत नाही. आमच्या व्यवसायातले असे लोक मला माहीत आहेत. पण तुम्ही नोकरी सोडू शकलात. साडेआठपर्यंत वाट बघू शकलात. आणि तो वाचायला लागला तेव्हा पक्ष्यांचं पुस्तक घरात होतं किंवा दुसऱ्या दिवशी आलं. सगेटच्या अभ्यासाचंही तेच. उशिरा वाचायला लागलेलं मूल अकराव्या वर्षी बरोबरीला येतं, पण त्यासाठी मधली वर्षं भरून काढणारं कुणीतरी लागतं. माझ्या वर्गात ते कोण करणार?

आता भाकरीच काढलीत म्हणून सांगते. माझ्याकडे दुसरीत एक मुलगी होती. आईबापांचा कोयता (ऊसतोडीची जोडी) कारखान्यावर गेला की तीही जायची, कारण धाकट्याला सांभाळायला कुणी हवं. कोपीवर, म्हणजे तोडीच्या झोपडीत, पहाटे सगळ्यांच्या भाकरी तीच करायची, आईला चारला उसाच्या फडात जावं लागायचं. तोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहात ठेवा म्हणून मी घरी जाऊन बसले. आई म्हणाली, मग भाकरी कोण थापंल? त्या मुलीला आधणाचं आणि विरीचं सगळं कळत होतं. हातांचं काम, पहाटेची लय, निसर्ग, चुलीची ऊब, तुमच्या वेळापत्रकातलं सगळं होतं तिच्याकडे. नव्हतं ते फक्त अक्षर. आणि तेच तिला हवं होतं.

लोकरीचा_गुंडा
म्हणजे ऊसतोड कामगाराच्या मुलीला भाकरी थापावी लागते, म्हणून माझ्या मुलानं थापू नये? प्रत्येक वादात सगळ्यात दुःखी मूल पुढे केलं की समोरच्यानं गप्प बसायचं, हा कुठला न्याय?

आणि फी, फी. हॉलचं भाडं, कागद, लोकर, मेण. मेण पुण्याच्या थंडीत इतकं कडक असतं की मुलं पंधरा मिनिटं तळहातात धरून बसतात, आणि मे महिन्यात ते डब्यातच बसकण मारतं, पुन्हा विकत घ्या. यातून एक रुपया कुणाच्या खिशात जात नाही. आम्ही आया आळीपाळीनं घेतो. फुकट.

खडूफळा
मी थापू नये म्हटलेलं नाही. ‘वाईट वाटतं’ म्हणू नका म्हटलंय.

मुंज्या
आया आळीपाळीनं. बाबा_घरी सोडले तर बाबा कुठे आहेत, हा धागा स्वतंत्र काढायला हवा.

लोकरीचा_गुंडा
ते वाक्य काढते. मोठ्या मनानं वगैरे नाही, वाद वाढायला नको म्हणून. शाळेतल्या समस्त मुलांनी मला क्षमा करावी.

खडूफळा यांना एक विचारायचं होतं. तुम्ही वर्गात फेर घेता का?

खडूफळा
रोज घेते. परिपाठ संपला की, पटांगणात. तो कुठल्याही परिपत्रकात नाही आणि केंद्रप्रमुख आले की आम्ही तो लपवतो. तुमचा एकच-रंग प्रकारही करून बघेन, पण आमच्याकडे मिळतो तो कागद भिजवला तर लगदा होईल.

लोकरीचा_गुंडा
जाड हातकागद लागतो. पुण्यात हातकागद संस्थेत कातरणीचे तुकडे स्वस्तात मिळतात का ते विचारून सांगते. उपकार म्हणून नाही.

खान्देशी_ठेचा
मंगळवेढेकर, आईला विचारलं. म्हणाली पाणी कोमट असतं. पण कोमट म्हणजे आधण नव्हे.

मंगळवेढेकर
😂 घ्या.

नवीन_आई
छान चर्चा. माझी मुलगी पावणेसहाची आहे, कोथरूडला राहतो. गटात जागा आहे का? फी किती?

तर्कट
एवढं सगळं वाचून?

लोकरीचा_गुंडा
@नवीन_आई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. जून भरलाय, दिवाळीनंतर बघू. येताना जुन्या सुती साड्या असतील तर आणा, पुसायला लागतात.